परका मासा नेमका कोणाला म्हणायचे?

मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात स्वच्छतेचे काम सुरू असताना मगरीसारख्या लांब जबड्याचा एक मासा हाती लागला. तो उत्तर अमेरिकेतील ‘अ‍ॅलिगेटर गार’ निघाला आणि त्याचे छायाचित्र देशभर फिरले. त्याआधी २०१८ च्या महापुरानंतर केरळातील नद्यांमध्ये अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील प्रचंड अरापायमा सापडला, तेव्हाही असेच झाले होते. असा विचित्र मासा दिसला की चार दिवस चर्चा होते, मग सारे शांत होते. पण भारतीय नद्यांचे खरे नुकसान या बातमीतल्या माशांनी केलेले नाही. ते केले आहे बाजारात रोज दिसणाऱ्या, सरकारी योजनांतून सोडल्या गेलेल्या आणि आता कोणालाच परके न वाटणाऱ्या माशांनी.

या माशांचा इतिहास चांगल्या हेतूंचा आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गप्पी मासा १९०८ मध्ये आणि गॅम्बुसिया १९२८ मध्ये भारतात आणला गेला. गोरगरिबांना स्वस्त प्रथिने मिळावीत म्हणून १९५२ मध्ये मोझांबिक तिलापिया आला. काश्मीरमध्ये उत्पादन वाढावे म्हणून १९५०च्या दशकात सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, सोडला गेला. हेतूंपैकी एकही वाईट नव्हता. मात्र गॅम्बुसिया डासांच्या अळ्यांवर थांबला नाही. बेडकांची पिल्ले आणि इतर माशांची अंडीही त्याने खाल्ली. काश्मीरमधील मूळचे शायझोथोरॅक्स मासे प्रजननासाठी वाहत्या, थंड प्रवाहांकडे जातात. सायप्रिनसला संथ, पाणवनस्पतींनी भरलेले पाणी पुरते, आणि तळ उकरून तो पाणीही गढूळ करतो. सरोवराची अवस्था बिघडत गेली, तसे नव्या पाहुण्याचे फावले आणि मूळ रहिवासी मागे हटले.

नवा मासा पाण्यात आला की तो पसरतोच, असे नाही. आधी प्रवेश, मग तेथे टिकून प्रजनन आणि त्यानंतर प्रसार, अशा तीन पायऱ्या त्याला चढाव्या लागतात, आणि बहुतेक प्रजाती मधेच गळतात. ज्या टिकतात, त्यांच्यापाशी काही खास शिदोरी असते. तिलापियाची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले वाचण्याचे प्रमाण मोठे असते. आफ्रिकन मागूर हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. काचेच्या टाकीतील शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकरमाउथ कॅटफिश अंगावर कठीण कवच बाळगतो, काठात बिळे करून अंडी घालतो आणि कोळ्यांची जाळी फाडतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी पाण्यात विखुरलेल्या डीएनएच्या अंशांवरून त्याचा माग काढला, तेव्हा पूर्व घाटातील तपासलेल्या जलाशयांपैकी साठ टक्क्यांहून अधिक ठिकाणी त्याच्या खुणा आढळल्या. मासा जाळ्यात येण्याआधीच त्याची चाहूल देणारे हे तंत्र आता हाताशी आहे.

माणसानेही या माशांसाठी घर सजवून ठेवले आहे. धरणांनी वाहत्या नद्यांचे संथ तलाव केले. वाहत्या पाण्यात वाढलेल्या स्थानिक प्रजातींना ते मानवत नाहीत. तिलापिया आणि कार्प यांना मात्र ते फार मानवतात. पूर आला की मत्स्यशेतीचे बांध फुटतात आणि उरलेले काम पाणी करते. १९७१ मध्ये हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, असाच पुराच्या पाण्याबरोबर शिरला. पुढे त्याने तेथे बस्तान बसवले आणि कटल्याचे प्रमाण घटले.

येथवरच्या कथेत परका मासा परदेशातून येतो. कायदाही तसेच मानतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या प्रजातींचा प्रथमच समावेश झाला आणि त्यांची आयात, व्यापार व प्रसार यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण त्यातील व्याख्येनुसार परकी प्रजाती म्हणजे भारताची मूळ नसलेली प्रजाती. प्रश्न असा की, माशाला देशाची सीमा कळते का? त्याचे जग म्हणजे त्याच्या नदीचे खोरे.

कावेरीतील कुबडाचा महसीर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. हा मासा केवळ कावेरी खोऱ्यात आढळतो आणि पन्नास किलोंहून अधिक वजनाचा होऊ शकतो. दुसरीकडे, निळ्या परांचा महसीर, म्हणजे टॉर खुद्री, ही दख्खनची प्रजाती. पुण्याच्या मुळा-मुठेतून मिळालेल्या नमुन्यांवरून साइक्सने १८३९ मध्ये तिचे वर्णन केले. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून तिचे कृत्रिम प्रजनन झाले आणि महसीर वाचावा या भावनेने तिची पिल्ले अनेक राज्यांतील नद्यांत सोडली गेली. त्यांत कावेरीही होती. १९९८ ते २०१२ या काळात गळाने मासे पकडून पुन्हा सोडणाऱ्या हौशी मंडळींनी कावेरीकाठी ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा चित्र उलगडले. निळ्या परांच्या माशांची संख्या वाढत गेली होती. कुबडाचे महसीर दुर्मीळ होत गेले होते, आणि जे मिळत ते मोठे, वयस्क होते. नवी पिढी येतच नव्हती. या माशाचे शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी आययूसीएनने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. वाळूउपसा, धरणे आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांचाही या ऱ्हासात वाटा आहे. तरीही एक महसीर वाचवण्याचा प्रयत्न दुसऱ्या महसीराच्या मुळावर आला, ही गोष्ट नाकारता येत नाही. आणि कायद्याच्या लेखी टॉर खुद्री परका नाहीच. तो तर भारतीय आहे.

हीच गोष्ट कटला, रोहू आणि मृगळ यांची. हे गंगेच्या प्रणालीतले मासे दख्खनच्या जवळजवळ प्रत्येक जलाशयात ‘देशी’ म्हणून सोडले जातात. देशी आणि स्थानिक हे दोन शब्द एकाच अर्थाचे मानण्याची किंमत गोदावरी, कृष्णा आणि कावेरी मोजत आहेत.

यावरचा आक्षेपही खरा आहे. भारताचे वार्षिक मत्स्योत्पादन १७५ लाख टनांवर गेले असून त्याचा मोठा भाग गोड्या पाण्यातून येतो. उजनीच्या काठावरील कित्येक घरांची चूल चिलापीवर, म्हणजे तिलापियावरच, पेटते. त्यांना उद्यापासून हा मासा नको असे सांगणे अन्यायाचे होईल, आणि तो जलाशयातून काढून टाकणे आता शक्यही नाही. नुसती बंदी काय साधते, हे आफ्रिकन मागूरने दाखवले आहे. १९९७ मध्ये त्यावर बंदी आली. तरी २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश द्यावे लागले. कारण सरळ आहे. तो झपाट्याने वाढतो आणि त्याचे बीज सहज मिळते. आपला मूळ मागूर सावकाश वाढतो आणि त्याचे बीज तयार करणे कष्टाचे असते. त्याचे बीज स्वस्त होईपर्यंत शेतकरी चोरवाटेने परक्याकडेच जाणार.

म्हणून भर बंदीपेक्षा विवेकावर हवा. बंदिस्त तळ्यातील मत्स्यशेती आणि वाहत्या नदीत बीज सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे धोरणाने मान्य करावे. नदीत सोडले जाणारे बीज त्याच खोऱ्यातील प्रजातीचे आहे का, हे सोडण्यापूर्वी तपासले जावे. ज्या थोड्या उपनद्यांत अजून परके मासे पोहोचलेले नाहीत, त्यांची नोंद करून तेथे काहीही सोडू नये. घरच्या टाकीतला मासा कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडणे ही भूतदया नव्हे, हे शाळेतच शिकवले जावे.

या देशात नदीला माता म्हणतात. त्या मातेची स्वतःची लेकरे कोणती, हे ओळखण्याइतकी जाण धोरणात आली, तर कावेरीतील उरलेल्या थोड्या कुबडाच्या महसीरांना अजूनही संधी आहे.