‘पालक खा, रक्त वाढेल’ एवढ्याने भागत नाही

महिला मेळाव्यांत वर्षानुवर्षे हाच सल्ला दिला जातो. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ५३ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५७ टक्क्यांवर गेले. स्त्रिया ऐकत नाहीत, असे म्हणणे सोपे आहे. सल्लाच अपुरा आहे, हे मान्य करणे अवघड.

वनस्पतिजन्य लोह मुळात कमी शोषले जाते. धान्यातील फायटेट आणि जेवणासोबतचा चहा ते आणखी घटवतात. लिंबू-आवळ्यातील क जीवनसत्त्व शोषण वाढवते. रक्तक्षय जडल्यावर मात्र लोहाच्या गोळ्यांना भाजी हा पर्याय नव्हे. थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे असू शकतात. घरात त्यांना ‘आळस’ म्हटले जाते आणि ‘मन खंबीर ठेवा’ असा उपदेश मिळतो. तपासणीआधी उपदेश, हा क्रमच उलटा आहे.

बाजरीच्या नव्या वाणांसाठी २०१८ पासून किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोहाचा निकष आहे. हे मोठेच यश. परंतु सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला त्यातील किती भाकरी येते, हे प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत दिसत नाही.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी आहाराचा सल्ला देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : हिमोग्लोबिन तपासले का? चहा जेवणापासून किती अंतराने घेतला जातो? घरात आधी कोण जेवते? तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी पुरुषांनाही सभेत बसवावे.