पोलादाचे पाणी आणि किलोचा भाव

विळ्याच्या पात्याला पाणी नीट दिले आहे की नाही, हे शेतकरी लोहाराच्या लौकिकावरून ठरवितो. कारण ते पाणी डोळ्यांना दिसत नाही. आधुनिक कारखानदारीची अडचण याहून वेगळी नाही. मात्र तेथे लौकिकाची जागा किलोच्या भावाने घेतली आहे, आणि हीच चिंतेची बाब आहे.

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत पोलादी भागांवर उष्णता-प्रक्रिया करून देणारे लहान कारखाने आहेत. त्यांच्याकडे येणारे गिअरचे चाक आकाराने पूर्ण, पण गुणाने अपुरे असते. कर्बयुक्त वायूच्या भट्टीत सुमारे ९०० ते ९५० अंश सेल्सिअस तापमानात ते काही तास ठेवतात, तेलात बुडवून झपाट्याने निववितात आणि पुन्हा मंद तापवितात. तेव्हा कोठे त्याचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट होतो. रसायन कारखान्यांतील जाड पत्र्याच्या दाबपात्रांनाही जोडकामानंतर, अंगात राहिलेला ताण घालविण्यासाठी, सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवावे लागते. यात कसूर झाली तर चालत्या वाहनात गिअरचा दात तुटतो, पात्राचा जोड चिरतो. हानी मालापुरती राहत नाही. ती माणसांच्या जिवावर बेतते.

या कामाचा मोबदला मात्र बहुधा वजनावर ठरतो. भट्टीतील वेळ थोडा कमी केला की इंधन वाचते. आणि कठीण थर किती खोल गेला, हे तुकडा कापून पाहिल्याखेरीज सहसा खात्रीने कळत नाही. सगळा माल कापून कसा पाहणार? जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखविले होते. गुणवत्ता पारखता न येणारा ग्राहक सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही आणि तो बाजारातून हटतो. सचोटीने भट्टी चालविणाऱ्यालाच येथे दंड बसतो.

यावर तपासणीचा उपाय आहे, असे मोठे कारखाने म्हणतील. ते खरेच आहे. अमेरिकी वाहन उद्योगाने २००६ मध्ये सी.क्यू.आय.-९ ही नियमावली आणली. भट्टीत सर्वत्र तापमान सारखे आहे काय, तापमापके खरी आहेत काय, याची ठरावीक मुदतीने तपासणी तीत सांगितली आहे. परंतु हा खर्च कोणाच्या माथी? नियम वाढवायचे आणि दर मात्र जुनाच ठेवायचा, तर तपासणी कागदावर उरते.

त्यातच उधारीची भर पडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लहान पुरवठादाराला देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यास प्राप्तिकराची जोड दिली. तथापि, ज्याच्या एकाच गिऱ्हाइकावर भट्टी पेटते, तो त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास धजत नाही.

तेव्हा किलोचा भाव सोडून प्रक्रियेनुसार दर ठरविणे, तपासणीचा खर्च खरेदीदाराने वेगळा देणे आणि प्रत्येक वसाहतीत सामायिक चाचणीशाळा उभारणे, ही त्रिसूत्री अंगीकारावी लागेल. न दिसणाऱ्या गुणाचे मोल देण्यास जो बाजार तयार नसतो, त्याला ते मोल पुढे अपघाताच्या रूपाने चुकवावे लागते.