घर पाहावे राखून



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. घर बांधायला किती कष्ट पडतात आणि किती पैसा लागतो, हे बांधल्याशिवाय कळत नाही, असा तिचा अर्थ. म्हण खरी आहे. पण माझ्या मते ती अपुरी आहे. घर एकदाच बांधावे लागते, राखावे मात्र दरवर्षी लागते. राखणे हे बांधण्याइतकेच मोठे काम आहे.

हे पाहायला दूर जायला नको. आपल्या उपनगरांच्या मधोमध डोंगर, जंगल आणि तलाव आहेत. एका बाजूला अंधेरी-बोरिवली, दुसऱ्या बाजूला घाटकोपर-मुलुंड. इथला विहार तलाव १८६० साली, तर तुळशी तलाव १८७९ साली पूर्ण झाला. मुंबईला पाणी देणाऱ्या या तलावांच्या परिसरात आणि शेजारच्या आरे वसाहतीत वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. त्यांचे जुन्या पद्धतीचे घर कारवीचे असते.

कारवी हे सह्याद्रीतले झुडूप आहे. तिच्या सरळ काठ्या जवळजवळ बांधून कूड उभा करतात. त्यावर माती, शेण आणि भाताचे तूस कालवून लिंपतात. छपरावर गवत घालतात. घर तयार होते, पण काम संपत नाही.

पावसाळा संपला की भिंतींची वाहून गेलेली माती पुन्हा भरायची. हिवाळ्यात जमीन चोपून सारवायची. उन्हाळ्यात छपराचे कुजलेले गवत काढून नवे घालायचे. यालाच शाकारणी म्हणतात. पहिल्या पावसाआधी घराभोवती चर खणायचा आणि झड लागते त्या बाजूला आडोसा बांधायचा. शिवाय वाळवीवर बारा महिने नजर ठेवायची. एका वर्षी आळस केला, तर पुढच्या वर्षी भिंत खचते.

काही जण म्हणतील, “सर, हे तर गरिबीचे घर. पक्के घर बांधले की ही कटकट मिटते.” याचा अर्धा भाग मला मान्य आहे. पाड्यांवरच्या लोकांना पक्के घर, वीज आणि नळाचे पाणी मिळालेच पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे. राष्ट्रीय उद्यानात झाडे तोडायला बंदी असल्यामुळे कारवीही आता सहज मिळत नाही. पाड्यांवर विटांची आणि पत्र्याची घरे दिसतात, ती उगाच नाहीत.

पण पक्क्या घराला देखभाल लागत नाही, हे मात्र खरे नाही. स्लॅबला चीर पडली की पाणी आत मुरते, आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि सिमेंट निखळते. म्हणूनच मुंबईत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. मातीचे घर आपले दुखणे लगेच दाखवते. सिमेंटचे घर ते वर्षानुवर्षे लपवते. एवढाच फरक!

आता आफ्रिकेतल्या माली देशाकडे पाहा. जेन्ने या गावात मातीची एक भव्य मशीद आहे. तिची आजची इमारत १९०७ साली पूर्ण झाली. पावसाने तिचा गिलावा झिजतो, म्हणून सगळे गाव एकत्र येऊन तिला नव्याने लिंपते. गवंडी शिड्यांवर चढतात, तरुण माती वाहतात, स्त्रिया पाणी आणतात. तिथे दुरुस्ती हा सण असतो! शंभर वर्षांहून जुनी ही मातीची इमारत त्या हातांमुळे उभी आहे.

‘दुरुस्ती’ हा मराठी शब्द तुमच्या उर्दूतल्या ‘दुरुस्त’चाच नातेवाईक आहे. शब्द दोन्ही भाषांत आहे. काम मात्र घरात कोणाच्या वाट्याला येते? मे महिन्यात पत्र्यावर ताडपत्री टाकायला अब्बा चढतात. पावसात गळतीखाली पातेले ठेवायला अम्मी रात्री उठते. भिंतीची बुरशी बहीण पुसते. घर ज्याने बांधले त्याचे नाव सगळे घेतात. ज्यांनी राखले त्यांचे कोणी घेत नाही. मला हा अन्याय वाटतो.

म्हणून तुम्हाला एक सांगणे आहे. येत्या सुट्टीत घराची एक तरी जबाबदारी आपल्या अंगावर घ्या. नळाची गळती असो, खिडकीची बिजागरी असो, की गच्चीवरचे तुंबलेले भोक असो. मुलांनो, हे काम केवळ बहिणीचे समजू नका. वर्षभर ते सांभाळून दाखवा. मग त्या म्हणीला आपणही एक तुकडा जोडू: घर पाहावे राखून!