आपल्याला परराज्य, त्यांना परदेश: जयपूरला निघालेल्या पाहुण्यांची तयारी



दिवाळी सरली की मराठी घरांत परदेशातून येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. न्यू जर्सीहून लेक-जावई, लंडनहून भाचा, मेलबर्नहून नातवंडं, कधी त्यांच्यासोबत तिकडचे मित्रही. चार दिवस नातेवाईक आणि पुरणपोळ्या झाल्या की प्रश्न निघतो, "आता फिरायला कुठे जायचं?" बऱ्याच घरांत उत्तर येतं, जयपूर. हवा छान असते, किल्ले आहेत, महाल आहेत, खरेदी आहे. आपण तिकिटं काढून देतो, डब्यात चिवडा-लाडू भरतो आणि निर्धास्त होतो.

पण एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. जयपूर आपल्याला परराज्य आहे, त्यांना मात्र तो परदेश आहे. नातीला मराठी समजतं, हिंदी येतंच असं नाही. शिवाय इथे नेहमीचं काय आणि वावगं काय, हे तिला कळत नाही. रिक्षावाल्याने न सांगताच एखाद्या दुकानासमोर रिक्षा उभी केली, तर इथली रीतच अशी असेल, असं तिला वाटेल. म्हणून तयारीची यादी तिच्यावर सोडू नका. आपण तिच्यासोबत बसून करू या.

कागदपत्रं: मूळ एकीकडे, प्रती दुसरीकडे

व्हिसा लागणाऱ्यांनी ई-व्हिसाचा अर्ज भारत सरकारच्या संकेतस्थळावरच भरावा. त्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतं. हुबेहूब सरकारी दिसणारी आणि जास्त पैसे उकळणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. 1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्डही सुरू झालं आहे. भारतात उतरण्यापूर्वीच्या 72 तासांत ते ऑनलाइन भरता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. कोणी त्यासाठी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे, त्यांनी ते परदेशी पासपोर्टसोबत जवळ ठेवावं. मुलांच्या बाबतीत विशेष लक्ष द्या. अमेरिकेत 16 वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो. नवा पासपोर्ट आला की त्याची प्रत आणि मुलाचा ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवावा लागतो. हे काम बऱ्याच घरांत राहून जातं.

पासपोर्ट, व्हिसा आणि ओसीआय यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक बॅगेत ठेवा, एक तुमच्याकडे घरी. फोटो मोबाइलमध्येही असू द्या. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून नवा कागद आणि शेवटी देश सोडण्याची ऑनलाइन परवानगी, असा लांबचा रस्ता असतो. हाताशी प्रत असली की तो बराच सोपा होतो.

यजमानांसाठीही एक सूचना आहे. परदेशी नागरिक तुमच्या घरी मुक्कामाला असेल, तर त्याची ऑनलाइन नोंद 24 तासांत करावी लागते. 'फॉर्म सी' म्हणतात ती हीच. हॉटेलवाले आपणहून करतात, घरी मात्र ती आपली जबाबदारी.

पैसे आणि फोन

आपण कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही यूपीआयने देतो. पाहुण्याकडे मात्र इथलं बँक खातं नसतं. परदेशी पर्यटकांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' हे आधी पैसे भरून वापरायचं वॉलेट 2023 मध्ये, जी-20 परिषदेच्या वर्षी सुरू झालं. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून ते घेता येतं. तरीही थोडी रोकड हवीच, आणि तीही सुट्टी. 500च्या नोटेतून 30 रुपयांचा चहा घ्यायला गेलं की दोघांचीही पंचाईत होते.

एटीएम शक्यतो बँकेच्या आवारातलं वापरावं. कार्ड यंत्रावर "डॉलरमध्ये की रुपयांत?" असा प्रश्न आला, तर रुपये निवडावेत. डॉलर निवडला की दर त्या यंत्रवाल्याचा लागतो आणि तो सहसा महाग पडतो.

सिम कार्ड विमानतळावरच घ्यावं. ते सुरू व्हायला काही तास लागू शकतात, म्हणून पहिल्या दिवसापुरतं रोमिंग चालू ठेवावं.

चार्जरवर 'इनपुट 100–240' असं छापलेलं असेल तर काळजी नाही, फक्त पिनेचा अडॅप्टर लागेल. पण अमेरिकेतला केस वाळवायचा ड्रायर 120 व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. लावला की जळलाच! आणखी एक, ई-सिगारेटवर भारतात 2019 पासून बंदी आहे. सोबतच्या तरुण मित्रांना हे आधीच सांगून टाका.

पाणी, पोट आणि माकडं

पाणी सीलबंद बाटलीचंच घ्यावं आणि सील आपल्यासमोर तुटलं पाहिजे. बर्फ टाळावा. प्याज कचोरी जरूर खावी, पण कढईतून नुकतीच काढलेली. दाल-बाटी-चुरमा गरम असतो, पोटाला सहसा निभतो. मात्र तुपाचं प्रमाण पाहून पहिल्याच दिवशी मनसोक्त ताव मारू नये.

ओआरएसची पाकिटं औषधाच्या दुकानातूनच घ्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते पाहा आणि लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते कालवा. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

जयपुरात माकडं भरपूर, गलताजीच्या परिसरात तर फारच. हातात खाऊ धरून फोटो काढण्याच्या फंदात मुलांना पडू देऊ नका. माकड किंवा कुत्रा चावला, नुसतं नख लागून ओरखडा उठला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. "थोडंसंच लागलंय, परत गेल्यावर दाखवू" हे अजिबात चालणार नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन सुखाचं वाटतं, पण रात्री चांगलीच थंडी पडते. स्वेटर हवाच. सकाळच्या धुक्याने विमानं आणि गाड्या रखडतात. त्यामुळे परतीचं आंतरराष्ट्रीय विमान आणि जयपूरहून निघणं एकाच दिवशी ठेवू नका.

फिरताना

आमेरचा किल्ला, जंतर मंतर, हवा महल, अल्बर्ट हॉल आणि इतर काही ठिकाणं मिळून दोन दिवस चालणारं एकत्रित तिकीट मिळतं. सिटी पॅलेस त्यात येत नाही, त्याचं तिकीट वेगळं. परदेशी नागरिकांना दर जास्त असतो आणि चेहरा भारतीय असला तरी दर पासपोर्टवरून ठरतो. ओसीआय कार्डधारकांना स्मारकं आणि संग्रहालयांत भारतीयांइतकाच दर लावावा, असा केंद्र सरकारचा नियम आहे. म्हणून खिडकीवर आधी कार्ड दाखवून विचारावं.

जुन्या शहरात जायला मेट्रो सोयीची आहे. ती मानसरोवरहून थेट बडी चौपडपर्यंत येते. तिथून हवा महल आणि जोहरी बाजार पायी गाठता येतात. रिक्षा ॲपवरून बोलवावी किंवा बसण्याआधी भाडं ठरवावं, आणि स्पष्ट सांगावं, "बीच में किसी दुकान पर नहीं रुकना है."

जोहरी बाजारातला गोड बोलणारा

रत्नांच्या कारागिरीत जयपूरचं नाव जगभर आहे. त्याच नावाचा फायदा घेऊन परदेशी प्रवाशांना लुबाडण्याची एक जुनी पद्धत इथे आहे. एक हसतमुख तरुण ओळख काढतो, चहा पाजतो, कधी घरी जेवायलाही नेतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विषय निघतो, "आम्हाला निर्यातीवर फार कर पडतो. तुम्ही पर्यटक म्हणून ही रत्नं सोबत न्या. तिकडे आमचा माणूस दुप्पट पैसे देऊन घेईल. फक्त हमी म्हणून तुमचं कार्ड एकदा स्वाइप करा." तिकडे कोणी भेटत नाही, आणि हातात उरतात काचेचे खडे.

जून 2024 मध्ये अशीच एक बातमी गाजली होती. बनावट प्रमाणपत्रं दाखवून आपल्याला सुमारे 6 कोटी रुपयांना खोटे दागिने विकले, अशी तक्रार एका अमेरिकी महिलेने जयपूर पोलिसांकडे केली होती.

तेव्हा नियम साधा ठेवा. दुसऱ्याचा माल आपल्या नावावर न्यायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून दुकानातच पडताळा. महागडं रत्न जयपुरातल्या रत्न-परीक्षण प्रयोगशाळेत आपण स्वतः तपासून घ्यावं. दुकानदाराने पुढे केलेल्या कागदावर विसंबू नये. पक्कं बिल तर हवंच.

मन भरून खरेदी करायची असेल, तर सांगानेर-बगरूची छापील कापडं, निळी मातीकामाची भांडी, मोजड्या, लाखेच्या बांगड्या आणि हलकी जयपुरी रजई आहेच. मोरपिसांचे पंखे मात्र घेऊ नका, मोरपिसं देशाबाहेर न्यायला मनाई आहे. 100 वर्षांहून जुन्या कलावस्तूही नेता येत नाहीत.

खिशातली चिठ्ठी

मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठीची नाही. एका कागदावर हे लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा:

- हॉटेलचं नाव आणि पत्ता, हिंदीत आणि इंग्रजीत
- तुमचा फोन नंबर
- आणीबाणीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108
- पर्यटकांसाठी 1363, चोवीस तास, हिंदी-इंग्रजीसह 12 भाषांत
- रक्तगट, ॲलर्जी आणि विम्याचा क्रमांक
- दोन वाक्यं: "नहीं चाहिए, भैया" आणि "मुझे घर पर पूछना है"

यातलं शेवटचं वाक्य नातवंडांकडून दोनदा म्हणवून घ्या. रत्नवाला असो की जास्त भाडं सांगणारा रिक्षावाला, "घरी विचारते" म्हटलं की घाई टळते आणि विचार करायला वेळ मिळतो. मात्र त्यासाठी घरी फोन उचलणारं कोणीतरी हवं. ते चार दिवस तुमचा फोन चार्ज केलेला आणि आवाज मोठा ठेवलेला असू द्या.

1876 साली इंग्लंडचे युवराज येणार म्हणून जयपूर गुलाबी रंगवलं गेलं, असं सांगतात. पाहुण्यांसाठी भिंती रंगवणारं हे शहर आहे आणि तिथली बहुतेक माणसं आजही तितकीच अगत्यशील आहेत. आपल्या पाहुण्यांना ती भेटावीत, म्हणून एवढी तयारी.

तुमच्याकडे यंदा कोण येतंय? आजच त्यांना फोन करा आणि पासपोर्टची तारीख तपासायला सांगा. शुभ प्रवास!