टॉवर स्पीकर घेताना मालकाला काय विचारावे?



बोनस हाती आला किंवा घरात लग्न ठरले, की अलीकडे आपल्या वस्त्यांमधून एका वस्तूची चर्चा हमखास निघते. जमिनीवर उभे राहणारे, कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. दुकानदार त्यांना टॉवर स्पीकर म्हणतात. पूर्वी घरात टेपरेकॉर्डर असला की पाहुण्यांना मुद्दाम कॅसेट लावून दाखवली जायची, तशी आता या स्पीकरची जोडी दाखवली जाते.

कामगाराने चांगले संगीत ऐकू नये, साठवून ठेवावे, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या गाण्यांनी, ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंतही बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. गाणे ही आपल्या समाजाची करमणूक आहे, तशीच ती आपली शाळाही आहे. म्हणून आपल्या घरात येणारा स्पीकर कसा असावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

हा स्पीकर घ्यायचा तर ज्यांच्या घरी तो आहे त्यांचे मत घ्यावे, असे आपण म्हणतो. ते बरोबरच आहे. पण मत कोणाचे आणि कधी घ्यायचे, हे कळले पाहिजे. ज्याने गेल्या महिन्यात जोडी आणली तो तिची स्तुतीच करणार. अजून हप्ते चालू आहेत, बायकोचा रुसवा गेलेला नाही, अशा वेळी आपली खरेदी चुकली असे कोण कबूल करील? मत विचारायचे तर हप्ते फिटलेल्या माणसाला विचारावे.

अशा काही घरी मी विचारपूस केली. बाजारात हमाली करणारे एक भाऊ १० बाय १२ च्या खोलीत राहतात. ते म्हणाले, "ताकद लई आहे. भांडी थरथरतात. पण गाणं काय म्हणतंय ते कळत नाही." त्यांच्या या एका वाक्यात सगळे आले. १२ फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा खर्ज, तर १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज घुमतो. हा हिशेब आवाजाच्या वेगावरून निघतो. त्यात वस्तूचा दोष नाही, खोलीचा गुण आहे. टॉवर स्पीकरची उंच पेटी आणि मोठा वूफर नेमका हाच खर्ज काढण्यासाठी बनवलेला असतो. त्यात आपण जागा वाचवायला तो कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवतो, म्हणजे खर्ज आणखी वाढतो आणि शब्द त्याखाली दबतात.

आता शब्दांना लागते किती? जुन्या टेलिफोनच्या तारेतून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जात असे, तरी गावाकडची आई काय बोलते ते आपल्याला स्पष्ट कळत असे. म्हणजे शब्द कळायला घुमणारा खर्ज लागत नाही. आपल्या गाण्यात तर शब्दच प्रधान. ढोलकी दणदणली आणि ओळ हरवली, तर त्या गाण्यातून घरातल्या पोराने काय घ्यायचे?

दुसरे घर एका अंगणवाडी सेविका ताईंचे. त्यांचा हॉल मोठा आहे. त्यांनी दोन्ही स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवले आहेत, आणि खर्जाचे बटण अर्ध्याच्या खाली. बुद्धवंदना असो की व्याख्यान, शब्द न् शब्द कळतो. त्या समाधानी आहेत. तक्रार एकच. आतली ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्हची पट्टी दुसऱ्या वर्षी बंद पडली आणि तो भाग मिळायला दोन महिने लागले. ज्या स्पीकरमध्ये ॲम्प्लिफायर, रेडिओ, माइक सगळे एकाच पेटीत असते, तिथे एक भाग बिघडला की सगळी पेटी गप्प बसते.

तिसरे मत गिरणीतून निवृत्त झालेल्या एका काकांचे. त्यांच्याकडे ॲम्प्लिफायर वेगळा आणि पेट्या वेगळ्या. वूफरच्या कडेचा फोम बारा-पंधरा वर्षांनी झिजून तुटला, तेव्हा गल्लीतल्या मेकॅनिकने नवी कड बसवून दिली. जोडी अजून वाजते आहे. काका म्हणाले, "जे उघडून दुरुस्त होतं ते घ्यावं."

चौथे मत आपण कधी विचारतच नाही. ते शेजाऱ्याचे. त्याने एक पैसा दिलेला नसतो, पण सामाईक भिंतीतून खर्ज त्याच्याही घरात जातो. तिथे दहावीची मुलगी अभ्यासाला बसलेली असते, रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण नियमाआधी शेजारधर्म आहे. आपल्याच जयंतीचे गाणे आपल्याच वस्तीतल्या मुलीच्या अभ्यासाच्या आड आले, तर 'शिका' हा संदेश आपण कोणाला सांगायचा?

आता थोडा हिशेब. खोक्यावर ५,००० वॅट लिहिलेले पाहून भुलू नका. तो आकडा बहुधा पीएमपीओ या नावाने छापतात आणि त्याला रोजच्या वापरात काही अर्थ नाही. आरएमएस वॅट किती, ते विचारा. शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो असे नाही. दुप्पट वॅटने आवाज फक्त ३ डेसिबल चढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. लहान खोलीत २० खरे वॅटही पुष्कळ होतात. जास्त वॅटचे पैसे मोजून बटण पावावरच ठेवायचे असेल, तर ते पैसे कशाचे?

आणि 'बिनव्याजी हप्ता'. समजा, एक जोडी रोखीने १४,००० रुपयांना मिळते. हप्त्याने १,२५० प्रमाणे १२ महिने, म्हणजे १५,००० रुपये, वर फाइल चार्ज ५००. एकूण १५,५००. ते जादा १,५०० रुपये म्हणजे व्याजच, नाव काही का असेना. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे खुद्द रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते.

म्हणून मालकाला हे पाच प्रश्न विचारा. खोली केवढी आहे? हप्ते फिटून किती दिवस झाले? पहिल्यांदा काय बिघडले आणि ते कोणी, कितीला दुरुस्त केले? शेजारी काय म्हणतात? आणि सर्वांत महत्त्वाचे, कमी आवाजात शब्द कळतात का? दुकानात जाताना दुकानदाराचे धडधडते गाणे ऐकू नका. घरातून ओळखीचे एक भीमगीत आणि एक भाषण मोबाईलमध्ये न्या. आवाज कमी ठेवा आणि सोबतच्या आजीला विचारा, शब्द कळले का? आजीला कळले तर जोडी चांगली. लहान खोली असेल तर उंच टॉवरऐवजी फळीवर ठेवायच्या दोन छोट्या पेट्या पाहा. त्यात कमीपणा काही नाही.

पक्के बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. वॉरंटीत कोणी टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. पण हातात बिल नसेल तर आपले म्हणणे सिद्ध करणे अवघड जाते.

अंगुत्तर निकायात सोण थेरांची कथा आहे. ते पूर्वी वीणा वाजवत. अति परिश्रमाने थकलेल्या सोणांना भगवान बुद्धांनी विचारले, की तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा नीट वाजते का? नाही, असे सोण म्हणाले. मग प्रयत्नही तसाच सम ठेवावा, असा उपदेश तथागतांनी केला. संसाराच्या पैशालाही तोच नियम लागू आहे. मुलांची फी, आजारपण, विहाराची वर्गणी आणि घरातला आनंद, या सगळ्या तारा एकाच वीणेच्या आहेत. स्पीकरची तार जरूर लावा, पण बाकीच्या तुटतील एवढी ताणू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!