पडताळणी एकदाच, गोपनीयता कायम

आभासी चलनाचे व्यवहार करू इच्छिणाऱ्या नागरिकाला प्रत्येक विनिमय केंद्राकडे पॅन, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र नव्याने सादर करावे लागते. तीन केंद्रांत खाती उघडली की त्याच कागदपत्रांच्या प्रती तीन ठिकाणी साठतात. त्यामुळे हा प्रश्न गैरसोयीपुरता मर्यादित नसून सुरक्षिततेशी निगडित आहे.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ७ मार्च २०२३ रोजी अधिसूचना काढून ही केंद्रे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणली. ग्राहकाची ओळख पटवणे आणि खाते बंद झाल्यावरही पाच वर्षे नोंदी जपणे त्यांना बंधनकारक आहे. गुन्हेगारी पैशाला पायबंद घालण्यासाठी हे आवश्यकच आहे. मात्र साठा वाढला की धोकाही वाढतो. परदेशातील काही ग्राहकसेवा प्रतिनिधींना लाच देऊन माहिती चोरण्यात आल्याचे अमेरिकेतील कॉइनबेस कंपनीने मे २०२५ मध्ये जाहीर केले. सुमारे ६९ हजार ग्राहकांना त्याची झळ बसली. चोरीस गेलेल्या माहितीत ओळखपत्रांच्या प्रतिमाही होत्या. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही.

बँका व विमा कंपन्यांच्या ग्राहकांसाठी केंद्रीय केवायसी नोंदवही आहे. तिच्या १४ अंकी क्रमांकामुळे कागदपत्रे पुन्हा देण्याचा त्रास वाचतो. तथापि संस्था नोंद उतरवून घेते तेव्हा आणखी एक प्रत तयार होतेच.

यावर उपाय म्हणजे कागदपत्रांऐवजी पडताळणीचा निष्कर्ष पुढे पाठवणे. एका मान्यताप्राप्त संस्थेने ओळख तपासून डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र द्यावे आणि इतरांनी केवळ त्याची सत्यता पाहावी. आधारच्या ऑफलाइन पडताळणीत पूर्ण क्रमांक उघड न करता स्वाक्षरीची खातरजमा करता येते. म्हणजे हे तंत्र आपल्याला अपरिचित नाही. न्यायालयाचा किंवा तपास यंत्रणेचा कायदेशीर आदेश आल्यास मूळ नोंद पहिल्या संस्थेकडून मिळू शकेल.

खरी अडचण उत्तरदायित्वाची आहे. प्रमाणपत्र चुकीचे निघाल्यास दोष कोणाचा, हे नियमांत स्पष्ट झाल्याखेरीज कोणतेही केंद्र दुसऱ्याच्या तपासणीवर विसंबणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयतेला मूलभूत अधिकार मानले, तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आवश्यक तेवढीच माहिती घेण्याचे तत्त्व स्वीकारले. हे तत्त्व प्रत्यक्षात उतरवायचे, तर प्रत जवळ ठेवण्याऐवजी प्रमाणपत्र तपासणे पुरेसे आहे, असे नियामकांनीच सांगावे लागेल.