वाघ घेणार की बकऱ्या?

दोस्तांनो, दिवाळीची सुट्टी होती. माझा सातवीतला भाचा आणि मी हेमलकशाला निघालो होतो. आलापल्ली मागे पडली, दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल सुरू झालं, आणि शेजारून एकदम आरोळी आली, "हरलो! मामा, मी परत हरलो!"

मोबाईलवर त्याची लढाई चालली होती. खेळ तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. एक जादूचं राज्य निवडायचं, मिळालेल्या मोहरांत सैन्य विकत घ्यायचं, शत्रूशी लढायचं. कुणी भालेकरी, कुणी धनुर्धारी, कुणी आग ओकणारा ड्रॅगन. प्रत्येकाच्या नावापुढे ताकदीचा आकडा आणि किंमत लिहिलेली.

"सैन्यात कोण कोण घेतलं होतंस?" मी विचारलं.

"फक्त ड्रॅगन! पाच! ताकदीचा आकडा सगळ्यात मोठा त्यांचाच तर आहे. एका ड्रॅगनच्या किमतीत वीस भालेकरी येतात. पण भालेकरी घेतो कोण? एका फुंकरीत खलास!"

"मग हरलास कसा?"

"अरे, माझी गावं होती नऊ. ड्रॅगन एका गावाला वाचवायला गेले की तो दुसरी दोन घ्यायचा. त्याच्याकडे नुसते भालेकरी आणि घोडेस्वार! चीटिंग आहे ही!"

चीटिंगबिटिंग काही नव्हती, बरं का. पाच ड्रॅगन नऊ गावं राखू शकत नाहीत, हा साधा हिशेब होता. पण हरलेल्या माणसाला हिशेब सांगू नये. म्हणून मी गप्प बसलो. थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही गेली आणि भाचेबुवांचं तोंड आणखीच लांब झालं.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलो. ओसरीच्या फरशीवर मी कोळशाने एक पट आखला. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर आखा. पाच उभ्या रेघा, पाच आडव्या. झाले 25 ठिपके. आता समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन लांब तिरप्या रेघा काढा. मग चारही बाजूंचे मधले ठिपके एकमेकांना तिरपे जोडा, म्हणजे पटात पतंगासारखा चौकोन दिसेल. झाला पट तयार!

हा आपला वाघ-बकरीचा खेळ. महाराष्ट्रात जुन्या दगडी पायऱ्यांवर आणि किल्ल्यांवर असे पट कोरलेले सापडतात. गडचिरोलीला खेटून असलेल्या तेलंगणात याच जातीच्या खेळाला पुली-मेका म्हणतात. तमिळनाडूत तोच आडू पुली आट्टम, तिथे तिरप्या पटावर 3 वाघ आणि 15 बकऱ्या असतात. नेपाळात त्याला बाघचाल म्हणतात. तिथे 4 वाघ आणि 20 बकऱ्या. आम्ही नेपाळी नियमांनी खेळलो.

नियम अगदी सोपे. चार वाघ चार कोपऱ्यांत बसवायचे. बकरीवाला एका वेळी एक बकरी हव्या त्या रिकाम्या ठिपक्यावर ठेवतो, मग वाघाची चाल. वाघ रेघेवरून एक घर सरकतो. शेजारच्या ठिपक्यावर बकरी असेल आणि तिच्या मागचा सरळ रेघेतला ठिपका रिकामा असेल, तर तिच्यावरून उडी मारून तो तिला खातो. विसाच्या वीस बकऱ्या पटावर आल्या, की मगच बकऱ्या एकेक घर सरकू शकतात. बकरी कुणाला खात नाही, उडीही मारत नाही. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही, की बकऱ्या जिंकल्या.

"काय घेणार? वाघ की बकऱ्या?" मी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? वाघ!"

चार गोट्या वाघ झाल्या, वीस चिंचोके बकऱ्या. मी पहिल्यांदा कडेकडेने बकऱ्या मांडल्या. कडेवरच्या बकरीवर फक्त कडेच्या रेघेतूनच उडी मारता येते, आतून बाहेर उडी मारायला पलीकडे ठिपकाच नसतो. मग प्रत्येक बकरीच्या पाठीशी दुसरी बकरी. भाच्याने दोन बकऱ्या मटकावल्या आणि टाळ्या पिटल्या. पण हळूहळू त्याच्या वाघांपुढच्या वाटा बंद होत गेल्या. तासाभरात चारही वाघ जागच्या जागी!

"म्हणजे बकऱ्याच भारी," तो म्हणाला. "आता बकऱ्या माझ्या."

दुसरा डाव. आता बकऱ्या भारी म्हटल्यावर त्याने त्या बिनधास्त पटाच्या मध्यभागी सोडायला सुरुवात केली. एक इथे, एक तिथे. माझ्या वाघांची चंगळ झाली. पाच चिंचोके बघता बघता माझ्या खिशात!

भाचा पटाकडे बघतच राहिला. "वाघ घेतले तरी हरतो, बकऱ्या घेतल्या तरी हरतो. मग भारी नक्की कोण?"

आता कसा मुद्द्यावर आला! मंडळी, पटावरचा वाघ नीट बघा. तो बरोबर मध्यावर असेल तर त्याला आठ दिशा मोकळ्या असतात. कोपऱ्यात असेल तर तीनच. मध्यावरच्या एकट्या वाघाला पक्कं कोंडायला 16 बकऱ्या लागतात. आठ त्याच्या शेजारी, आणि उडी अडवायला त्यांच्या मागे आठ. तोच वाघ कोपऱ्यात असेल तर 6 पुरतात. वाघ तोच, ताकद मात्र जागेने बदलली. आणि बकरी? मागचा ठिपका रिकामा असेल तर ती वाघाचा घास. मागे दुसरी बकरी उभी असेल, तर वाघाला तिच्या केसालाही धक्का लावता येत नाही. तिची ताकद पाठीशी कोण उभं आहे त्यावर ठरते.

"पण दोघंही अगदी हुशारीने खेळले तर?" भाच्याने विचारलं.

हा प्रश्न फक्त त्यालाच पडला नव्हता. लिम यू जिन आणि युर्ग निव्हरगेल्ट या दोन संगणकतज्ज्ञांनी बाघचालचा पुरता हिशेब संगणकाकडून करून घेतला. सगळ्या बकऱ्या पटावर आल्यानंतरच्याच वेगवेगळ्या मांडण्या भरल्या 8,82,60,972! बकऱ्या मांडण्याच्या पहिल्या भागातल्या शक्यता तर एकावर 41 शून्यं इतक्या. त्यांचा शोध कितीतरी युक्त्या लढवून पुरा करावा लागला. 2009 साली छापून आलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष काय, माहीत आहे? दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो! चार वाघ आणि वीस बकऱ्या अगदी तोडीस तोड. ज्याने कुणी हा खेळ रचला त्याला दाद द्यायला हवी, संगणक नसताना त्याने हे वजन असं जुळवलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लोकबिरादरी प्रकल्प बघायला गेलो. तिथलं प्राण्यांचं अनाथालय तुम्ही ऐकून असाल. बिबट्याने जांभई दिली आणि भाचा कुजबुजला, "हा तर हजार मोहरांचा!" मग त्याने विचारलं, "मामा, या जंगलाचं सैन्य निवडायचं झालं तर सगळ्यात ताकदवान कोण? वाघ ना?"

मी म्हटलं, "रानकुत्र्याला विसरू नकोस." चंद्रपूरच्या ताडोब्यात रानकुत्रे दिसतात. एकेकाचं वजन जेमतेम पंधरा-वीस किलो, पण शीळ घातल्यासारखा आवाज काढत, एकमेकांना साथ देत कळप निघाला की आपल्या दसपट वजनाच्या सांबरालाही आडवं करतो. आपल्या पटावरच्या बकऱ्यांसारखीच गोष्ट, फक्त इथे बकऱ्यांना दात आहेत!

"मग रानकुत्रा पहिला?"

"नाही. पहिला नंबर त्याचाही नाही."

आम्ही दवाखान्याच्या बाजूला आलो होतो. झाडाखाली माणसं बसली होती. कुणी दोन दिवस चालत आल्यासारखं थकलेलं, कुणी तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेतलेलं. मी हळूच म्हटलं, "या जंगलात माणसाला सगळ्यात जास्त भारी पडलेला प्राणी दोन-अडीच मिलिग्रॅम वजनाचा आहे. डास! दोनशे किलोच्या एका वाघाच्या वजनात आठ-दहा कोटी डास बसतील. मलेरियाचे जंतू नेणारी अ‍ॅनाफिलिस डासाची मादी रात्री गुपचूप येते. त्यातला फाल्सिपेरम जातीचा जंतू ताप मेंदूपर्यंत नेऊ शकतो. वेळेवर औषध मिळालं नाही तर धडधाकट माणूसही दगावतो."

भाचा त्या मांडीवरच्या मुलाकडे बघत होता. आता त्याने मोहरांचा भाव काढला नाही.

"मग याच्याविरुद्ध सैन्यात कोण घ्यायचं?" त्याने जरा वेळाने विचारलं.

बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढेही एक प्रकारे हाच प्रश्न होता. आपण असतो तर शहरातली मोठमोठी यंत्रं मागितली असती. पण इथे वीज नव्हती. पावसाळ्यात नदीनाले भरले की महिनोन्‌महिने रस्ता तुटे. उन्हाळ्यात जी जीप राजा, तीच पावसाळ्यात गोठ्यात बांधल्यासारखी. तेव्हा उपयोगी पडायचे ते चालणारे पाय. डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे झोपडीत राहून औषधं देऊ लागले. सोबत मूठभर सहकारी. पण रोगी समोर बसला आणि त्याला 'कुठे दुखतं?' हे माडियात विचारताच आलं नाही, तर डॉक्टरची सगळी विद्या कोपऱ्यातल्या वाघासारखी! म्हणून ते माडिया शिकले. 1976 साली शाळा सुरू झाली, म्हणजे शिक्षक आले. 2008 मध्ये दोघा डॉक्टरांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो सगळ्या जगाला दिसला. पण बोटातून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेणारा, गोळ्या पुऱ्या खाल्ल्या का ते बघणारा, रात्री मच्छरदाणी नीट खोचायला सांगणारा, हे सगळे पाठीशी नसतील तर एकट्या डॉक्टरने काय करायचं? डासावर तलवार चालत नाही. पण या साखळीपुढे त्याचं फारसं चालत नाही.

"म्हणजे मागचा ठिपका रिकामा ठेवायचा नाही," भाचा म्हणाला. मी काही बोललो नाही. बोलायला त्याने काही ठेवलंच नव्हतं!

परतीच्या वाटेवर रेंज आली. भाचेबुवांनी नवीन लढाई मांडली. मी मान लांब करून बघितलं. सैन्यात एकच ड्रॅगन होता. बाकीच्या मोहरांत प्रत्येक गावाला भालेकरी, नदीच्या पुलावर धनुर्धारी, आणि निरोप न्यायला दोन घोडेस्वार. खरेदी करण्याआधी त्याने शत्रूचं राज्य कोणतं, नकाशात डोंगर किती, नद्या किती, हे चक्क दहा मिनिटं बघितलं होतं.

जिंकला का? छे! पुन्हा हरला. पण या वेळी तासभर टिकला, आणि आरोळी न ठोकता म्हणाला, "पुलावर कमी माणसं ठेवली मी." आपण कुठे चुकलो ते ज्याला कळलं, त्याचा पुढचा डाव मला बघायचाच आहे.

तर दोस्तांनो, सैन्य निवडायचं असो, नाहीतर वर्गाचा कबड्डीचा संघ, 'सगळ्यात भारी कोण?' एवढाच प्रश्न विचारू नका. कुणाविरुद्ध भारी? कुठल्या जागी भारी? कुणाच्या सोबतीने भारी? हेही विचारा. आणि आज रात्री जेवणं झाली की आई-बाबांना पटावर बसवा. ते वाघच मागतील, बघा! मग तुम्ही कडेकडेने बकऱ्या मांडायला सुरुवात करा.

या आठवड्याचं कोडं: कोपऱ्यातल्या एकट्या वाघाला कोंडायला 6 बकऱ्या लागतात, हे आपण पाहिलं. पण पटावर असेही काही ठिपके आहेत, जिथे वाघ सापडला तर 6 पेक्षाही कमी बकऱ्यांत तो कोंडता येतो. ते ठिपके कोणते, आणि बकऱ्या किती? पट आखा, चिंचोके मांडा आणि शोधा. उडी अडवायला विसरू नका, बरं का! उत्तर पुढच्या आठवड्यात.